खिचडी कोणी चाखायची?

नियम असा होता : केंद्रात शिजवलेले अन्न मुलांना वाढण्यापूर्वी कार्यकर्तीने किंवा मदतनीस बाईने ते स्वतः चाखून पाहावे. वाचणाऱ्याला हा नियम शहाणपणाचाच वाटेल. मीही तो कितीतरी वर्षे खडूने फळ्यावर लिहून बायकांना शिकवला. आज मात्र आमच्या खात्याच्या सगळ्या नियमांत मला सर्वांत जास्त राग याच एका वाक्याचा येतो. तो का येतो हे क्रमाने आणि नीट सांगावे, एवढ्यासाठी हा लेख.

मी नोकरीला केव्हा लागले, माझी बदली कुठे झाली आणि निरोपसमारंभात मला कोणी शाल दिली, ही माहिती माझ्या सेवापुस्तकात आहे आणि तिथेच ती शोभते. वाचकांना इतके पुरे की मी गृहविज्ञान शिकले, काही वर्षे निजामपुऱ्यातील एका शाळेत शिकवले आणि नंतर बडोदे शहर व आसपासच्या वस्त्यांतील अंगणवाड्यांवर मुख्य सेविका म्हणून काम केले. ‘सेविका’ हा शब्द ऐकून लोकांना वाटते की मी मुलांना भरवत असे. तसे नाही. भरवणाऱ्या बायका वेगळ्या. त्यांच्या वीस-पंचवीस केंद्रांवर फिरायचे, मुलांची वजने बरोबर घेतली जातात का ते पाहायचे, धान्य कोरडे आहे ना, भांडी घासलेली आहेत ना हे पाहायचे, आणि महिन्याच्या शेवटी कार्यालयाचे बोलणे खायचे, हे माझे काम.

प्रत्येक केंद्रात दोन बायका असत. एक कार्यकर्ती. ती शिकवी, वजन घेई, स्वयंपाकावर देखरेख करी. दुसरी तेडागर. हा शब्द महाराष्ट्रातल्या वाचकांना नवा असेल. गुजरातीत ‘तेडवुं’ म्हणजे घरी जाऊन बोलावून आणणे. सकाळी दारोदार फिरून, कोणाला बोटाला धरून, कोणाला कडेवर घेऊन, कोणाच्या शेंबड्या नाकाला स्वतःचा पदर लावून जी मुले गोळा करते, ती तेडागर. सरकारी भाषेत इतका अचूक आणि मायेचा शब्द मला दुसरा आढळलेला नाही. या दोघींना सरकार पगार देत नसे, मानधन देई. मान किती आणि धन किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आता थोडा पाठ. तीन-चार वर्षांच्या मुलाचे पोट साधारण त्याच्या स्वतःच्या मुठीएवढे असते, असे मी शिकवत असे. मुलाची मूठ मिटायला लावायची आणि आईला दाखवायची. एवढ्याशा जागेत भाताची पेज भरली की मूल पोट भरल्यासारखे गप्प बसते, पण वाढत नाही. म्हणून थोड्या अन्नात जास्त ताकद बसवावी लागते, आणि ते काम तेल करते. खिचडीत सोडलेले दोन चमचे तेल म्हणजे पोटात जागा न अडवता मिळालेले अर्धे जेवण. त्यामुळे गोदामातून आलेल्या मालात तांदूळ, डाळ, गूळ या सगळ्यांपेक्षा मी तेलाचा डबा आधी पाहत असे. ज्या केंद्राचे तेल चांगले, त्या केंद्राची मुले पुढच्या महिन्यात काट्यावर दिसत.

अन्न देणाऱ्याला बहुधा स्वतःचे पुण्य दिसते, खाणाऱ्याची मूठ दिसत नाही. वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत त्या काळात नवेनवे कारखाने उभे राहत होते. तिथले एक शेठ एकदा भाद्रपदात वडिलांच्या श्राद्धाचा दूधपाक आणि पुऱ्या घेऊन थेट केंद्रावर आले. दूधपाक दाट होता, वर चारोळ्यांचा थर. समोर बसलेल्या मुलांपैकी निम्मी नुकतीच जुलाबातून उठलेली. मी पातेल्यावर झाकण ठेवले.

शेठ म्हणाले, “बेन, तमे पुण्यना काममां आडा आवो छो?” पुण्याच्या कामात आडव्या येता, असा आरोप होता.

मी म्हटले, “शेठ, आज तुमच्या वडिलांना पुण्य मिळेल आणि उद्या या मुलांना सलाईन लागेल. दूधपाक वस्तीतल्या मोठ्यांना वाढा. मुलांसाठी महिनाभर रोज एक एक केळे पाठवा. पुण्य तेवढेच होईल, जरा हप्त्याहप्त्याने.”

“रोज केळे? ने एमां फोटो शानो पाडवो?” शेठ मनापासून गोंधळले होते. केळ्याचा फोटो कसला काढायचा, हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. केळी अर्थातच आली नाहीत. परंतु या माणसावर माझा राग नाही. तो निदान आपल्या घरात शिजलेले, स्वतः खाल्लेले अन्न घेऊन आला होता. ज्यांच्यावर राग आहे ते कोणीच आमच्या खिचडीच्या वासालाही कधी उभे राहिले नाहीत.

आता हंसाबेन. बाजव्याच्या बाजूला, रिफायनरीच्या नळ्यांच्या पलीकडे, कंत्राटी मजुरांची एक वस्ती होती. पंचमहालातून आलेले आदिवासी, खानदेशातून आलेले मराठी, उत्तरेकडचे काही. तिथल्या केंद्राची कार्यकर्ती हंसाबेन. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने किरकोळ, आवाज मात्र फाटकापर्यंत जाणारा. नवरा कारखान्यात कंत्राटावर होता. पायावर लोखंडी तुळई पडल्यापासून घरीच. तिच्या मानधनावर आणि दुपारच्या शिवणकामावर घर चाले. ती वस्ती सुरुवातीला मुले पाठवायला तयार नव्हती. मुलांना काट्याच्या झोळीत टांगले की नजर लागते, असे आयांचे म्हणणे. हंसाबेनने काय केले? सगळ्यांसमोर झोळीत आधी एक विटेचा तुकडा टांगला, मग आपली चप्पल, मग शेजारणीचे कोंबडे. “लो, आ बधांने नजर लागी. हवे छोकरांने नहीं लागे.” या सगळ्यांना लागून झाली, आता पोरांना लागायची नाही! बायका हसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून मुले येऊ लागली. दोन वर्षांत त्या केंद्राची वजने माझ्या केंद्रांत सर्वांत चांगली झाली. हे मी अभिमानाने सांगते. आणि ते केंद्र, ती बाई हकनाक घालवायला कार्यालय कसे निघाले, ते आता सांगते.

तो श्रावण होता. शनिवारी गोदामाच्या टेम्पोने तेलाचे नवे डबे आले. सोमवारी हंसाबेनने नवा डबा फोडला. डाळ-तांदळाची खिचडी, हळद, हिंगाची फोडणी. हिंग भरपूर, कारण मुलांचे पोट. तेल तापताना तिला थोडा उग्र वास आला. तिला वाटले, डब्याच्या नव्या पत्र्याचा असेल. जशीबेन नावाची तेडागर मुलांना रांगेत बसवत होती. नियमाप्रमाणे या दोघींपैकी एकीने खिचडी चाखायला हवी होती. दोघींचा सोमवार होता.

अमराठी आणि अगुजराती वाचक हा अंक वाचत नसणार, तरीही स्पष्ट करते. श्रावणी सोमवारी आपल्याकडे आणि तिकडे, दोन्हीकडे घरोघरच्या बायका उपवास करतात. हंसाबेनचे तर त्या श्रावणापासून सोळा सोमवारांचे व्रत सुरू झाले होते, नवऱ्याच्या पायासाठी. संध्याकाळी पूजा झाल्याशिवाय मीठ-पाण्याची चवसुद्धा जिभेवर घ्यायची नाही. एक सोमवार मोडला तर व्रत पहिल्यापासून. याशिवाय दुसरी एक समजूत होती, जी कोणी बोलून दाखवत नसे : मुले म्हणजे बाळगोपाळ. त्यांच्या पुढ्यातले अन्न आधी मोठ्या माणसाने तोंडाला लावले तर ते उष्टे. आपण नैवेद्य चाखतो का? म्हणजे सोमवारीच काय, इतर दिवशीही बहुतेक केंद्रांत चाखण्याचा नियम भिंतीवर होता आणि पातेले चुलीवर होते, आणि दोघांची गाठ क्वचितच पडे. ही गोष्ट कार्यालयाला माहीत नव्हती, असे कोणी म्हणू नये. कार्यालयातल्या बायकाही सोमवारी फराळाचाच डबा आणत.

मुलांना वाढले. पहिला घास घेऊन मीना नावाच्या मुलीने तोंड वाकडे केले. पाचेक वर्षांची, दुबळी, दाहोदकडच्या मजुराची पोर. दीड वर्ष राबून हंसाबेनने तिचे वजन मरणाच्या रेघेवरून जरा वर आणले होते. ती म्हणाली, “कडवुं छे.”

आणि इथे मला माझ्या विद्येचाही संताप येतो. मूल नाही म्हणाले तर काय करावे, हे आम्ही कार्यकर्तींना प्रशिक्षणात शिकवतो. रागवू नये. जबरदस्ती करू नये. गोष्ट सांगावी, चिमणीचा घास, कावळ्याचा घास करावा, शेजारच्या मुलाशी शर्यत लावावी. या कलेत हंसाबेनच्या तोडीची बाई माझ्या पाहण्यात नाही. तिने घोड्याची गोष्ट सांगितली, ज्यात प्रत्येक घासाला घोडा एक एक डोंगर ओलांडतो. सगळ्या मुलांनी डोंगर ओलांडले. मीनानेही वाटी चाटून पुसून रिकामी केली. एखाद्या आळशी कार्यकर्तीच्या केंद्रात मुलांनी ती खिचडी टाकून दिली असती आणि वाचली असती.

दुपारपासून वस्तीत उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळी मुले जुलाबांनी निपचित. मला निरोप मिळाला तेव्हा मी दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर होते. रिक्षाने पोचले तोवर हंसाबेन आणि जशीबेन दारोदार मीठ-साखरेचे पाणी पाजत फिरत होत्या. पहाटेपासून पोटात अन्न नाही, तरी हंसाबेन बसायला तयार नव्हती. इतर मुले दोन दिवसांत सावरली. मीनाला सरकारी दवाखान्यात ठेवावे लागले. ती वाचली, पण दीड वर्षात चढवलेले वजन आठवड्यात उतरले.

मी केंद्रात जाऊन डबा पाहिला. तेलाला खवट, जळकट वास होता. शिवाय डब्यावरचा छापील कागद वर आला होता आणि त्याखाली आणखी एक कागद दिसत होता, जुना, वेगळ्या रंगाचा. मी खोलीला कुलूप लावले, किल्ली हंसाबेनला दिली आणि कार्यालयाला कळवले की नमुना तपासणीसाठी घेऊन जावा.

सकाळी टेम्पो आला. नमुना घेणारा माणूस नव्हे, पुरवठादाराचा टेम्पो. ‘वरून सूचना आहे’ असे सांगून त्यांनी हंसाबेनकडून खोली उघडवली, सगळे डबे, फोडलेला आणि न फोडलेले, उचलले आणि नवे ठेवून गेले. याच वस्तीसाठी मी स्टोव्हची एक वात बदलून मागत होते, तिला तीन ऋतू लोटले होते. हातपंपाभोवती चार फरशा मागितल्या होत्या, त्यांची फाइल या मजल्यावरून त्या मजल्यावर फिरत होती. आणि खराब तेल गायब करायला या यंत्रणेला एक रात्र पुरली! ज्यांना वाटते की सरकारी काम सावकाशच चालते, त्यांना मी हा दाखला देते. सरकार पळू शकते. फक्त कोणासाठी, एवढाच प्रश्न आहे.

त्यानंतर आमच्या कार्यालयाचे साहेब आले. चौकशी केंद्रातच झाली, मुलांच्या चटईवर दोन खुर्च्या टाकून. संभाषण गुजरातीत झाले. मी मराठीत देते.

साहेबांनी विचारले, “खिचडी चाखली होती?”

जशीबेन मागून हंसाबेनचा पदर ओढत होती. सकाळपासून ती तिला पढवत होती : “अरे बेन, सांगून टाका ना चाखली होती म्हणून. कोण तुमच्या पोटात शिरून बघणार आहे?” हंसाबेनने तिला उत्तर दिले होते : “चाखली म्हटलं तर विचारतील, कडू लागूनही पोरांना घातली? नाही म्हटलं तर विचारतील, का नाही चाखली? दोन्हीकडून मीच चोर. मग खरं बोलून चोर होते.”

म्हणून तिने साहेबांना सरळ सांगितले, “ना साहेब. मारे सोमवार हतो.”

साहेबांनी पेन उघडले. “धार्मिक कारणावरून कर्तव्यात हयगय,” असे मोठ्याने म्हणत लिहिले. मग माझ्याकडे वळून, समजूतदार स्वरात, “काय करणार मोटाबेन? एकविसावं शतक उंबऱ्यावर आलंय आणि आपली माणसं अजून सोमवारात अडकलीत.” मला सगळ्या केंद्रांवर मोटाबेन म्हणत, म्हणजे थोरली बहीण. साहेबही कामापुरते म्हणत.

मी म्हटले, “साहेब, तेलाचा नमुना?”

“डबे बदलून दिलेत ना आता? मग?”

“बदलले म्हणजे वाईट होते, हे मान्य झाले.”

“तसं नाही. खबरदारी म्हणून बदलले.”

“गोदामात माल घेताना तो कोणी तपासला?”

“माल रोज येतो, मोटाबेन. कोण तपासत बसेल? म्हणून तर चाखण्याचा नियम आहे.”

हे वाक्य मी वाचकांना पुन्हा वाचायची विनंती करते. गोदामात तपासणी नाही, कारण केंद्रात चाखण्याचा नियम आहे. म्हणजे पुरवठादार, गोदाम, वाहतूक, कार्यालय या सगळ्यांच्या प्रामाणिकपणाची कसोटी कुठे ठेवली होती? एका मानधनावरच्या बाईच्या जिभेवर. एवढ्या मोठ्या राज्याची एवढी मोठी योजना, आणि तिची प्रयोगशाळा म्हणजे हंसाबेनची जीभ! त्या प्रयोगशाळेला सोमवारची सुट्टी पडली म्हणून आता प्रयोगशाळेलाच फासावर चढवायचे.

मी शाळेत शिकवलेली बाई आहे. वर्गात आवाज चढवावा लागला तर शिक्षकाचा पराभव झाला, असे मानणारी. त्या दिवशी माझा आवाज चढला. मी म्हटले, “साहेब, चाखली नाही असे लिहू नका. चाखली होती. मीनाने चाखली. ‘कडू आहे’ असे सांगितलेही. आपल्या सगळ्या खात्यात त्या तेलाविषयी खरा अहवाल देणारी ती एकच. तिचे नाव लिहा.”

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी पेनाचे टोपण लावले. “भावना समजू शकतो,” ते म्हणाले. अहवालावर पर्यवेक्षक म्हणून माझी सही हवी होती. मी केली नाही. माझ्या सहीवाचून काहीही अडले नाही. आठवड्याभरात हंसाबेनला कामावरून दूर करण्याचा आदेश निघाला आणि केंद्राची किल्ली ताब्यात घेण्याचे काम रीतसर माझ्याकडेच आले.

किल्ली घ्यायला गेले तेव्हा ओट्यावर वस्तीतल्या बायका जमल्या होत्या. त्यांत पुढे सुमनबाई. या जळगावकडच्या, नवरा रिफायनरीच्या कंत्राटदाराकडे रंगकाम करी. त्यांचा मुलगाही आजारी पडला होता आणि पहिल्या दिवशी त्यांनीच हंसाबेनला सर्वांत जास्त शिव्या घातल्या होत्या. मला वाटले, आज उरलेल्या घालायला आल्या असतील.

“ताई,” त्या मला म्हणाल्या, “हिला काढता म्हने? कशापायी?”

“उपवास होता म्हणून खिचडी चाखली नाही, असे कार्यालयाचे म्हणणे.”

“मग आम्हालाबी काढा!” सुमनबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “आमचा न्हाई का सोमवार? आमी घरी सैपाक करतो तो काय चाखून करतो? चाखल्याबिगरच लेकरांना घालतो ना? आमच्या घरचं तेल वाईट निघालं तर आमी दुकानदाराच्या उरावर बसतो. सोमवाराच्या नाही!”

मागून एक जण म्हणाली, “साहेबाची बायको चाखते का विचारा!” बायका हसल्या. हसणे लगेच थांबले. सुमनबाईंनी हंसाबेनकडे बोट केले. “ही नसंल तर आमची पोरं इथं येनार न्हाईत. सांगा तुमच्या सायबाला.”

मी किल्ली घेतली. तो माझ्या नोकरीतला सर्वांत जड जिन्नस होता. शेजारच्या केंद्रातील एक मुलगी तात्पुरती कार्यकर्ती म्हणून दिली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी जशीबेन नेहमीप्रमाणे मुले आणायला निघाली. दारे उघडी होती, मुले दिसत होती, पण कोणी येईना. जशीबेन रिकाम्या हातांनी परतली. असे रोज झाले. खिचडी शिजे आणि तशीच राही.

हा संप फुकट नव्हता, हेही मला सांगितले पाहिजे. त्या मुलांचे दिवसातले एकच नीट जेवण त्यांच्या आयांनी थांबवले होते. मी घरोघरी जाऊन त्यांना समजावले की रागाची किंमत पोरांना मोजावी लागते आहे. सुमनबाई म्हणाल्या, “ताई, ते आमाला कळतं. त्यास्नी कळतं का ते इचारा.” हे गणित माझ्या पाठ्यपुस्तकात नव्हते.

कार्यालयाला मुलांच्या भुकेची चिंता वाटली नाही. रिकाम्या केंद्राची वाटली. कारण बाहेरून पाहणीला येणाऱ्यांना हेच केंद्र आदर्श म्हणून दाखवत असत आणि अशी एक पाहणी जवळ आली होती. आदर्श केंद्रात एकही मूल नाही, हे चालणार नव्हते. श्रावण संपण्यापूर्वी साहेबांनी मला बोलावले. “तिला घ्या परत. पण शेरा राहील. आणि आता लेखी हमी हवी की यापुढे प्रत्येक दिवशी, अपवाद न करता, ती चाखेल.”

“आणि गोदामातील तपासणी?”

“एकावेळी एक गोष्ट, मोटाबेन.”

ती दुसरी गोष्ट आजतागायत आलेली नाही. पुरवठादार तोच राहिला. पुढे मी पुन्हा लिहिले, वरच्यांना लिहिले, बैठकीत उभी राहून बोलले. प्रत्येक वेळी मला सांगण्यात आले की हंसाबेनच्या केंद्रात हमीपत्रानंतर एकही तक्रार नाही, म्हणजे उपाय लागू पडला. सर्व केंद्रांना परिपत्रक गेले. त्यात उपवासाचा उल्लेख ठळक होता. तेलाचा नव्हता.

हंसाबेन परत रुजू झाली तो सोमवारच होता. मी मुद्दाम गेले. आयाही ओट्यावर बसून होत्या. अजून विश्वास बसायचा होता. मीना आईच्या मांडीवर, हातपाय काडीसारखे, डोळे पातेल्याकडे. खिचडी उतरली. मी पुढे होऊन म्हटले, “हंसाबेन, मी चाखते. मी उपवास सोडून आले आहे.” हे खरे होते, घरी सासूबाईंनी त्यावरून सकाळीच मौन धरले होते.

“ना मोटाबेन,” ती म्हणाली. “तमे रोज क्यां आववानां?” मी रोज कुठे येणार होते? हमीपत्रावर सही तिची होती.

तिने डाव्या हाताने डोक्यावरचा पदर पुढे घेतला, चमचाभर खिचडी फुंकून तोंडात घातली, सावकाश चावली आणि गिळली. सगळ्या बायका तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. त्यांतल्या प्रत्येकीचा उपवास होता आणि आत्ता काय झाले ते प्रत्येकीला कळले होते. “सारी छे,” हंसाबेन म्हणाली. चांगली आहे. मग तिने मीनाला वाढले, आणि घोड्याची गोष्ट न सांगता, ती मनाने खाईपर्यंत नुसती समोर बसून राहिली.

दुपारी केंद्र बंद करताना मी तिला विचारले, “व्रताचे आता काय?”

“मग काय, पुढच्या सोमवारपासून पहिला,” ती म्हणाली.

पुढचा सोमवारही कामाचा दिवस होता. सोमवार कामाच्याच दिवशी येतो. हंसाबेन दर सोमवारी पहाटे उठून उपवास धरी आणि साडेदहाला, सरकारच्या हमीपत्राप्रमाणे, तो मोडी. ती हे कधी कोणाला बोलून दाखवत नसे आणि मी निवृत्त होईपर्यंत, इतक्या वर्षांत, तिचे सोळा सोमवार कधीच पहिल्याच्या पुढे गेले नाहीत.